वस्तीवर मोबाईल कट्टा सुरू करायचाय? मग कॉम्प्युटर आणायच्या आधी हे वाचा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, की आमच्या गावात गरीब लोकांसाठी डिजिटल काहीतरी सुरू करायचंय, एका कंपनीचे जुने चार कॉम्प्युटर फुकट मिळतायत, कसं करू. माझं उत्तर कायम एकच, कॉम्प्युटर राहू द्या, मोबाईल कट्टा काढा, म्हणजे लोकांना स्वतःच्या मोबाईलवर स्वतःची कामं करायला शिकवायची बैठक. ज्या बाईची लाडकी बहीणची केवायसी अडलीय, ज्या म्हाताऱ्याचा पीएम किसानचा हप्ता थांबलाय, ज्याच्या रेशनकार्डावरचं एक नाव उडालंय, त्यांचं सगळं घोडं मोबाईलवर येणाऱ्या एका ओटीपीपाशी अडलेलं असतं आणि तो ओटीपी तुमच्या कॉम्प्युटरवर येणार नाहीये. महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला लॅपटॉप बरा पडतो हे खरंय, तर तेवढ्यापुरता कुणाचातरी मागून आणा. बाकी आठवड्यातनं एकदा दोन तास, एक ठरलेली जागा, सहा सॉकेटचा एक्स्टेंशन बोर्ड, जुन्या-नव्या दोन्ही पिनांच्या केबली आणि शांत डोक्याची दोन माणसं, एवढ्यावर कट्टा चालतो.

खाली जे लिहिलंय ते मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या वस्त्या आणि तांडे डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. शहरातल्या वस्तीत थोडं इकडंतिकडं करून चालेल.

आधी घरोघर फिरा

शिकवायला बसायच्या आधी एक चक्कर मारा, आणि "घरात मोबाईल आहे का" असं विचारू नका, कारण त्याला सगळे हो म्हणतात. मोबाईल कुणाच्या हातात असतो, सिम कुणाच्या नावावर आहे, रिचार्ज कधी मारला, रेंज घरात येते का ओट्यावर यावं लागतं, हे विचारा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या साधारण ५४ टक्के बायकांनी स्वतः वापरायचा मोबाईल असल्याचं सांगितलं होतं, आणि कधीतरी इंटरनेट वापरलंय असं सांगणाऱ्या बायका होत्या ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. नुसत्या खेड्यातल्या बायका धरल्या तर २५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे टच मोबाईल घरात असतो, पण दिवसभर नवऱ्याबरोबर रानात नाहीतर पोराबरोबर कॉलेजात, आणि बाईच्या वाट्याला बटणाचा मोबाईल, त्यातही बॅलन्स नसतो. हे माहीत असलं की तुम्ही दुपारी बाराला "सगळ्यांनी आपापला मोबाईल घेऊन या" अशी दवंडी देणार नाही.

या चकरेत अजून एक गोष्ट कळते, ती म्हणजे बऱ्याच जणांच्या फॉर्मवर नंबर भलत्याचाच आहे. मुकादमाचा (ऊसतोडीची टोळी नेणारा), सरपंचाचा, सेतूवाल्याचा (दाखले-फॉर्म भरून देणारं केंद्र चालवणारा), कधी माहेरच्या भावाचा. फॉर्म भरताना "नंबर सांगा" म्हणलं की जो पाठ होता तो सांगितला गेला. एकाच मुकादमाच्या नंबरावर अख्ख्या टोळीचे फॉर्म असणं ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि उचल, म्हणजे हंगामाआधीच मुकादमाकडनं आगाऊ पैसे, घेतलेल्या माणसाला मुकादमाकडं जाऊन "माझा ओटीपी आलाय का बघा" म्हणणं किती अवघड जातं ते वेगळं सांगायला नको.

जागा कुठली

समाजमंदिर, अंगणवाडी सुटल्यावरची खोली, शाळेचा व्हरांडा, पार, काहीही चालेल, फक्त एक बघा की त्या जागी गावातलं कुणीच यायला कचरणार नाही. ग्रामपंचायतीत काही घरं पाय ठेवत नाहीत, देवळात काहींना अवघडल्यासारखं होतं, तालमीत बायका येत नाहीत. जागा ठरवताना हे उघड कुणी बोलणार नाही, तुम्हीच ओळखायचं. वेळ बायकांना विचारून ठरवा. मजुरीवाल्या गावात बाजाराचा दिवस बरा, त्या दिवशी बरेचजण कामाला सुट्टी देतात, नाहीतर रात्रीची जेवणं झाल्यावर. आणि बसायच्या आधी तीन कंपन्यांची सिमं घेऊन त्या जागेत रेंज तपासा. भिंतीला टेकून बसलं की जियो जाते आणि दारात आलं की एअरटेल येते असली गावं आहेत, तिथं बसायची रचना रेंजप्रमाणं करावी लागते.

पहिला महिना फक्त आधार आणि नंबर

यूट्यूब, ईमेल, गुगल मॅप हे सगळं नंतर. पहिल्या महिन्यात आलेल्या प्रत्येकाची एक साखळी तपासायची, आधारला कुठला नंबर जोडलाय, तो चालू आहे का, तो कुणाकडं आहे, आणि आधार कुठल्या बँकखात्याला जोडलंय. एवढं सरळ झालं की अर्धी कामं आपोआप सुटतात, नाही झालं तर बाकीचं सगळं शिकवून उपयोग नाही.

आधारला कुठला नंबर आहे ते आधारच्या साइटवर मोबाईल तपासायच्या पर्यायात जाऊन, आधार क्रमांक आणि तुम्हाला वाटतोय तो नंबर टाकून बघता येतं. जुळला नाही तर आधार केंद्रावर जावं लागतं, पण एक सोय लोकांना माहीतच नसते, पोस्टमन. पोस्ट पेमेंट्स बँकेकडनं २०२१ पासून पोस्टमन आणि ग्रामीण डाकसेवक त्यांच्या मोबाईलवर आधारचा नंबर बदलून देतात, थोडी फी असते. म्हातारी, आजारी, बाळंतीण अशा लोकांसाठी डाकसेवकाला कट्ट्याच्या दिवशीच बोलवून घ्या. त्याचंही एकगठ्ठा काम होतं, तो नाही म्हणत नाही शक्यतो.

सिम बंद पडण्याचा विषय नीट समजावून सांगा कारण इथं फार लोकांचं नुकसान होतं. प्रीपेड नंबर साधारण ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि काही काळानं तोच नंबर दुसऱ्या माणसाला देते. मग तुमच्या आधारचा ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या मोबाईलवर वाजतो. पैसे नसतील तर महागडा नेटवाला रिचार्ज मारायची सक्ती नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे मोबाईल कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक ठेवायला लावलेत, पण दुकानदार ते आपणहून सांगत नाही, मागून घ्यावे लागतात. ओटीपीला एसएमएस पुरतो, नेट लागत नाही.

बँकेचं म्हणाल तर सरकारी योजनेचे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पहिले हप्ते आले तेव्हा "माझे आलेच नाहीत" म्हणणाऱ्या कितीतरी जणींचे पैसे भलत्याच बँकेत, पूर्वी कधीतरी उघडून विसरलेल्या खात्यात पडले होते. आधारच्या साइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघितलं की बँकेचं नाव दिसतं. नंतर २०२५ मध्ये त्याच योजनेच्या केवायसीला बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडलांचा आधार ओटीपीही मागितला गेला, आणि जिचा नवरा वारलाय किंवा जिनं नवरा सोडलाय ती बिचारी तिथंच अडकली. अशा केसेस कट्ट्यावर सुटत नाहीत, कागदपत्रं घेऊन अंगणवाडीताईकडं नाहीतर महिला बालविकासच्या ऑफिसला जावं लागतं. तिथं बरोबर जाणारं एक माणूस ठेवा. नावांची भानगड पण याच महिन्यात बघा, आधारवर सुनिता, पासबुकवर सुनीता, रेशनकार्डावर माहेरचं नाव. हे दुरुस्त करायला वेळ लागतो म्हणून लवकर सुरू करायचं, फॉर्मची शेवटची तारीख आल्यावर नाही.

शिकवताना हात मागे

एकच नियम कडक पाळा, समोरच्याच्या हातातला मोबाईल ओढून घ्यायचा नाही. "द्या इकडं, मी करून देतो" म्हणलं की काम दोन मिनिटात होतं आणि पुढच्या महिन्यात तेच माणूस तेच काम घेऊन परत येतं. बोट त्यांचं, मोबाईल त्यांचा, तुम्ही फक्त तोंडानं सांगायचं, अगदीच जमेना तर स्वतःच्या मोबाईलवर करून दाखवायचं. वेळ जातो, घाम फुटतो, पण दुसरा रस्ता नाही. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढलं, ६ कोटी घरांतला प्रत्येकी एक माणूस, २० तासांचा कोर्स, शेवटी परीक्षा. कल्पना वाईट नव्हती, पण माझं स्पष्ट मत असं की २० तास माऊस धरायला शिकून सर्टिफिकेट मिळालेल्या माणसापेक्षा स्वतःच्या मोबाईलवर स्वतःच्या पेन्शनचा मेसेज वाचता येणारं माणूस पुढं असतं.

सुरुवात मेसेज वाचण्यापासून करा. कुठून आलाय, जमा झाले का गेले, किती. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनासुद्धा आकडे येतात बरं का, मजुरीचा हिशोब, टनाचा हिशोब, बाजाराचा हिशोब तोंडपाठ असतो, त्यामुळं मेसेजमधली रक्कम ते लगेच ओळखतात. जमा आणि वजा ओळखायला बँकेच्या मेसेजमधले क्रेडिट-डेबिट हे दोन इंग्रजी शब्द चित्रासारखे ओळखायला शिकवावे लागतात, चार-पाच खरे मेसेज समोर ठेवले की जमतं. बँकेला मराठीत एसएमएस पाठवायचा अर्ज करता येतो का ते शाखेत विचारून घ्या, काही बँका देतात.

टायपिंग शिकवत बसू नका. कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोलायला शिकवा. बोलीभाषेत थोडं चुकतं, तांड्यावरच्या आज्जी गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलल्या तर काहीच्या काही उमटतं, पण "पीएम किसान हप्ता" एवढं बोललं की साइट सापडते. व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज तर शिकवायलाच लागत नाही, तो सगळ्यांना आधीच येतो, उलट तिथनंच सुरुवात करा कारण त्यात भीती नाही. अक्षरं मोठी करून द्या, ब्राइटनेस वाढवा, ज्यांना दिसत नाही त्यांना टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारी सोय, दाखवा, आणि टॉकबॅक चालू केल्यावर बंद कसा करायचा ते आधी स्वतः शिकून घ्या नाहीतर अख्खा दिवस त्यात जाईल.

कोयता आणि खुरपं धरून बोटं इतकी राठ झालेली असतात की स्क्रीन दाद देत नाही आणि अंगठा तर रेशन दुकानात पण लागत नाही. हात धुऊन, पुसून, थोडं तेल-व्हॅसलीन लावून परत पुसून बघायचं, दुसरं बोट लावायचं, मशीनची काच पुसायला सांगायचं. तरी नाही लागला तर पर्याय मागायचा, कुठं ओटीपी चालतो, कुठं डोळ्याचं स्कॅन, कुठं चेहरा. पीएम किसानच्या अ‍ॅपवर २०२३ पासून चेहरा दाखवून केवायसी होते, रेशनची केवायसीसुद्धा मोबाईलवर चेहऱ्यानं करता येते. चेहऱ्याचं काम उजेडात करा, पदर थोडा मागं घेऊन, आणि डोळे मिचकवा म्हणलं की मिचकवायचे, त्यात बायका हसतात आणि फोटो हलतो, हसू द्या.

मोबाईल भरलाय, हँग होतोय ही अजून एक नेहमीची तक्रार. नव्वद टक्के वेळा आत गुड मॉर्निंगचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ असतात. व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो डाऊनलोड बंद करून द्या, आणि प्रत्येक योजनेचं वेगळं अ‍ॅप टाकू नका, जिथं साइटवर काम होतं तिथं ब्राऊजरच वापरा.

पैशाचे धडे

यूपीआय शिकवायचंय तर आधी एकच वाक्य शंभर वेळा म्हणून घ्या, पैसे यायला पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले. हे एवढं पक्कं बसलं की निम्म्या फसवणुकी तिथंच थांबतात. जनधन खातं आहे पण एटीएम कार्ड नाही म्हणून यूपीआय सुरू होत नाही असं लोक समजतात, तर बऱ्याच बँकांमध्ये आधार ओटीपीवरही पिन सेट होतो, फक्त बँकेला आणि आधारला नंबर एकच पाहिजे, म्हणून पहिला महिना साखळीवर घालवायला सांगितलं. बटणाच्या मोबाईलवर *९९# लावून बॅलन्स बघता येतो, पैसे पाठवता येतात, नेट लागत नाही. कधी लागतं कधी मध्येच तुटतं, पण बॅलन्स बघण्यापुरतं शिकवून ठेवायला हरकत नाही. पहिला व्यवहार १ रुपयाचा करा, बचतगटातल्या दोघींनी एकमेकींना पाठवायचा आणि परत घ्यायचा.

अंगठ्यावर पैसे काढायचं जे मशीन गावात असतं तिथं फार सावध. "अंगठा नीट लागला नाही, परत लावा" म्हणून दोनदा पैसे काढण्याचे प्रकार होतात. प्रत्येक वेळी पावती मागायची, मशीन काय बोलतंय ते ऐकायचं, आणि मेसेज येईपर्यंत तिथनं हलायचं नाही. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका असा सल्ला इंटरनेटवर सगळीकडं मिळतो, शहरातल्या माणसाला तो ठीक आहे. पण ज्याला दर महिन्याला रेशनला अंगठा लावायचाय त्याचं लॉक करून दिलंत आणि उघडायचं शिकवलं नाही तर त्याचं धान्य अडेल. म्हणून ज्याला स्वतः उघडता येतं त्याचंच लॉक करा.

फसवणुकीसाठी १९३० हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये "पैसे चोरी" या नावानं सेव्ह करून द्या, सायबर हेल्पलाइन म्हणून सेव्ह केलात तर ऐन वेळी सापडणार नाही. पैसे गेल्यागेल्या, पहिल्या तासाभरात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता बरी असते. बँकेतही त्याच दिवशी लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणं तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले आणि तुम्ही कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं तर तोटा तुमच्यावर येत नाही. गावात सध्या जास्त चालतं ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणाऱ्या एपीके फायली (उघडली की मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकणाऱ्या), नाव पीएम किसान नाहीतर आरटीओ चलान, शेतकऱ्यांच्या ग्रुपवर ओळखीच्याच माणसाकडनं येते म्हणून लोक डोळे झाकून उघडतात, आणि त्या माणसाचाच मोबाईल आधी हॅक झालेला असतो. "ओळखीच्याचा मेसेज असला तरी फाईल उघडायची नाही" असं सांगा, नुसतं "अनोळखी लिंक उघडू नका" हे जुनं झालं. डिजिटल अरेस्ट वगैरे पण सांगा, पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत, विषय संपला.

तुम्ही नवे एजंट होऊ नका

सगळ्यात जास्त हे सांगायचं होतं. कट्टा चांगला चालला की लोक तुमच्यावर विश्वास टाकतात, पासबुक तुमच्याकडं ठेवून जातात, पिन सांगून टाकतात, "तुम्हीच बघा ताई, आम्हाला काय कळतंय". इथं नाही म्हणायचं. पिनची वही ठेवायची नाही, आधारच्या झेरॉक्स साठवायच्या नाहीत, कागदाचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये काढला तर अपलोड झाल्यावर त्यांच्यासमोर डिलीट करायचा. ओटीपी तुम्ही वाचायचा नाही, त्यांनी वाचायचा आणि त्यांनीच टाकायचा, आकडे येत नसतील तर एक एक आकडा दाखवून. उद्या तुमचा स्वयंसेवक बदलेल, त्याच्या हाती ती वही पडेल, तुम्हाला माणसाची खात्री आहे पण वहीची नाही.

पैसे घ्यायचे नाहीत. प्रिंट-झेरॉक्सचे जे होतात ते दर भिंतीवर लिहून तेवढेच. आणि सेतूवाल्याशी भांडण काढू नका, त्याचंही पोट आहे, फक्त लोकांना दरफलक बघायला आणि पावती मागायला शिकवा. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, दाखल्यांना ठराविक मुदत आहे, अर्जाची पोच मिळालीच पाहिजे, मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं. पोच क्रमांक घेऊन आपले सरकार पोर्टलवर अर्ज कुठं अडलाय ते बघता येतं हे कळलं की दर आठवड्याला पंधरा रुपये भाडं खर्चून तालुक्याला "काय झालं हो" विचारायला जायचं बंद होतं. हा धडा मला स्वतःला यूपीआयपेक्षा मोठा वाटतो.

कोण किती वेळा आलं याची वही मात्र ठेवा. नाव, काम, आणि काम कुणी केलं, तिनं स्वतः का तुम्ही. सहा महिन्यांनी ती वही उघडा, दुसऱ्या कामाला पण "तुम्ही"च लिहिलेलं असेल तर शिकवणं चाललेलं नाहीये, फक्त फुकट सेतू चाललाय.

दसऱ्याच्या आधी

बीड, जालना, परभणीकडची टोळ्यांची गावं असतील तर दसरा-दिवाळीच्या आधीचे तीन-चार आठवडे फक्त याच कामाला द्या. एकदा ट्रक भरले की माणसं कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात, परत थेट उन्हाळ्यात. जायच्या आधी प्रत्येक कोयत्याचं, म्हणजे नवराबायकोच्या जोडीचं, एवढं बघा: एकतरी नंबर पूर्ण हंगाम चालू राहील एवढा रिचार्ज, डिजिलॉकरमध्ये (कागदपत्रं मोबाईलवर ठेवायचं सरकारी अ‍ॅप) आधार, रेशनकार्ड, पोरांचे शाळेचे कागद जे निघतात ते, आणि त्याच सगळ्यांचे फोटो गॅलरीत पण, कारण उसाच्या फडात नेट मिळेल याचा भरवसा नाही. सरकारी खात्याकडनंच डिजिलॉकरमध्ये आलेला दाखला मूळ कागदासारखाच धरायचा असा २०१७ पासूनचा नियम आहे हेही सांगून ठेवा, म्हणजे तिकडं कुणी "ओरिजिनल आणा" म्हणलं तर बोलता येतं.

रेशन तिकडंही मिळतं हे बहुतेकांना अजून नीट माहीत नाही. एक देश एक रेशनकार्ड २०२२ मध्ये सगळ्या राज्यांत लागू झालं, त्यामुळं निपाणीच्या नाहीतर शिरोळच्या दुकानात पण अंगठ्यावर आपलं धान्य उचलता येतं, आणि म्हातारे-पोरं गावात राहिली असतील तर काही वाटा इकडं काही तिकडं असंही करता येतं. त्यासाठी कार्डावरच्या सगळ्यांची केवायसी आधीच करून घ्या. दुकानदार कधीकधी "बाहेरच्यांना नाही" म्हणतो, तेव्हा काय बोलायचं याची तयारी कट्ट्यावर करून घ्या, मेरा राशन अ‍ॅपवर आपलं कार्ड उघडून दाखवता आलं तर दुकानदार जरा नीट बोलतो.

जुने मोबाईल

दान म्हणून मोबाईल येतील, सगळे घेऊ नका. बॅटरी फुगलेला मोबाईल घरात ठेवणं धोक्याचं आहे, तो सरळ परत. फार जुन्या अँड्रॉइडवर बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅपं चालत नाहीत, २ जीबी रॅमच्या खाली डोक्याला ताप. चोरीचा तर नाही ना हे बघायला *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या मोबाईलचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा, आणि मेसेजमध्ये केवायएम ही इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो क्रमांक, असं लिहून १४४२२ ला पाठवा. आधीच्या मालकाचं गुगल अकाऊंट त्याच्यासमोरच काढून रिसेट करून घ्या, नाहीतर नंतर त्याचा पासवर्ड विचारत फिरावं लागतं. हरवलेला मोबाईल ब्लॉक करायला आणि आपल्या नावावर किती सिमं चालू आहेत ते बघायला संचार साथी ही सरकारी साइट आहे, ते एकदा सगळ्यांना करायला लावा. कुणाच्या नावावर कुणाची सिमं निघतात ते बघून माणसं गार पडतात.

मोबाईल द्यायचाच असेल तर बाईच्या हातात द्या, सिम तिच्या नावानं. घरात कुरबूर होते, "हिला कशाला" म्हणतात. त्याला भाषण देऊन उपयोग नाही, तिच्या मोबाईलवर घरातल्या पैशाचं एक काम झालेलं दिसलं की आवाज खाली येतो.

कागद मागायचा हक्क सोडू नका

एक गोष्ट डिजिटलवाले लोक बोलत नाहीत म्हणून मी बोलते. प्रत्येकानं मोबाईल शिकलाच पाहिजे हा काही नियम नाही. ऐंशी वर्षांच्या आज्जीला चेहरा दाखवून केवायसी जमत नसेल तर दोष आज्जीचा नाही. अ‍ॅसिड हल्ला झालेल्या महिला आणि दृष्टिहीन व्यक्ती अशाच केवायसीत अडकल्या तेव्हा ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि ३० एप्रिल २०२५ ला कोर्टानं सांगितलं की डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी दुसरी सोय ठेवायची जबाबदारी सरकारची. या निकालाची मराठी बातमी छापून कट्ट्यावर लावून ठेवा, बँकेत नाहीतर तहसीलमध्ये जाताना खिशात असू द्या. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारचे मोबाईल परत केले होते, मोबाईल कमी मेमरीचे, सारखे बिघडणारे, आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत. लोकांनी त्याला "शिकायचं नाही म्हणून नाटक" म्हणलं, पण त्या अगदी बरोबर होत्या. यंत्र आणि भाषा दोन्ही वाईट असेल तर शिकवणारा काय करणार.

चालवणार कोण

बाहेरून दर आठवड्याला येणारा उत्साही तरुण तीन महिन्यांनी एमपीएससीच्या अभ्यासाला लागतो. वस्तीतलीच बाई तयार करा, बचतगटाची सीआरपी (गटांना मदत करणारी गावातलीच बाई), आशाताई, नाहीतर बारावी होऊन घरी बसलेली सून. २०१५ मध्ये गुगल आणि टाटा ट्रस्टनं इंटरनेट साथी नावाचा कार्यक्रम काढला होता, गावातल्याच बायका सायकलवर मोबाईल-टॅब घेऊन आजूबाजूच्या बायकांना शिकवायच्या. त्यातली घेण्यासारखी गोष्ट हीच की आपल्यासारख्या बाईला प्रश्न विचारायला लाज वाटत नाही. उलट बाजूला मुरबाडजवळचं धसई घ्या, नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजावाजा झाला, दुकानादुकानात स्वाइप मशिनं आली, आणि नंतर तिथं रोखीचेच व्यवहार परत सुरू झाल्याच्या बातम्या आल्या. मशीन देणारे एक दिवस येतात, पण रेंज गेल्यावर काय करायचं हे सांगायला दर आठवड्याला कुणीतरी लागतं.

त्या बाईला मानधन द्या, फुकट राबवू नका. महिन्याला दीड-दोन हजार गोळा करणं एका गावाला जड नाही, ग्रामपंचायतीच्या महिला बालकल्याणच्या निधीतनं मागा, गावातले पुण्या-मुंबईला नोकरीला असलेले असतात त्यांच्या ग्रुपवर टाका. देणगीदाराला फ्लेक्सवर स्वतःचा फोटो पाहिजे असेल तर गणपतीत लावा म्हणावं, कट्ट्याच्या भिंतीवर १९३० आणि झेरॉक्सचे दर एवढंच राहू द्या. आणि पहिल्या दिवशी तिघीच आल्या तरी दोन तास भरून बसा. एकीची केवायसी झाल्याचा मेसेज आला की ती घरी जाऊन जावेला सांगतेच, मग पुढच्या वेळी केबली कमी पडतात.